दीड रुपयाची खोली आणि परके नाव

परगावी उतरायचे तर आज आपण भाडे आणि स्वच्छता पाहतो. शंभर वर्षांपूर्वी त्याआधी उतारूची जात पाहिली जाई.

१९१७ साली भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्यास गेले. न्यूयॉर्क आणि लंडनला शिकलेल्या या तरुणाला तेथील हिंदू हॉटेलात थारा नव्हता. पारशांच्या पथिकाश्रमात नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. रोजचा आकार दीड रुपया. लहानशी खोली, लागून न्हाणीघर, बाहेर मोडक्या सामानाची अडगळ. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावून गेले. परिचितांकडेही सोय होईना. अखेर कामाठी बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे.

खिशात भाडे होते. अडले ते नावापाशी. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात जातीवरून प्रवेश नाकारता येणार नाही अशा ठिकाणांत हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. लॉजच्या वहीत स्वतःचे खरे नाव लिहिता येणे, ही सोय खोलीच्या दरपत्रकात कधीच दिसत नाही.