दीर्घकालीन मूत्रपिंड विकार : उपचारांची गुणवत्ता कशी मोजावी

तिरुप्पनंदाळ हे तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ वसलेले नगर पंचायतीचे गाव आहे. अशा गावातील मधुमेही रुग्णाचे मूत्रपिंड किती वर्षे कार्यक्षम राहील, हे बऱ्याच अंशी जवळच्या आरोग्य केंद्रातील साध्या तपासण्यांवर अवलंबून असते. त्यामुळे या विकारावरील उपचारांचे मूल्यमापनही तिथूनच सुरू व्हायला हवे.

मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी होणे, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाण्यासारखी हानीची खूण दिसणे, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणे, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंड विकार होय. सुरुवातीला रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही. क्रिएटिनिनचा नुसता आकडाही फसवा ठरू शकतो. वय आणि लिंग विचारात घेऊन गाळणक्षमता काढावी लागते.

आरोग्यसेवेची गुणवत्ता साधने, कार्यपद्धती आणि परिणाम या तीन अंगांनी पारखावी, अशी मांडणी अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये केली. त्यानुसार आरोग्य केंद्राला पुढील प्रश्न विचारता येतात : नोंदणीकृत मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांपैकी कितीजणांच्या रक्ताची व लघवीची वर्षातून एकदा तपासणी झाली? कितीजणांचा रक्तदाब आटोक्यात आहे? लघवीतून प्रथिन जाणाऱ्यांना मूत्रपिंडाचे रक्षण करणारी औषधे मिळतात का? वेदनाशामक गोळ्यांच्या धोक्याची कल्पना त्यांना दिली जाते का? तज्ज्ञाकडे वेळेत पाठवले जाते का?

कमी खर्चात हे साधता येते, हे तमिळनाडूत दिसून आले आहे. डॉ. एम. के. मणी यांच्या पुढाकाराने चेन्नईच्या किडनी हेल्प ट्रस्टने परिसरातील खेड्यांमध्ये लघवीची व रक्तदाबाची घरोघरी तपासणी करून स्वस्त औषधे दिली. राज्य सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलेल्या 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' योजनेत रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांसह, पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसच्या द्रवाच्या पिशव्याही घरपोच देण्याची तरतूद करण्यात आली.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. मात्र डायलिसिस केंद्राचा दर्जा केवळ यंत्रांच्या संख्येवरून ठरत नाही. प्रत्येक सत्रात रक्तातील युरिया किमान ६५ टक्क्यांनी घटतो का, पाण्याची शुद्धता नियमित तपासली जाते का, हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लस दिली जाते का, आणि तातडीची नळी घालण्याची वेळ येण्यापूर्वी किती रुग्णांच्या हातावर फिस्टुला तयार होता, हेही पाहावे लागते.

यात एक दक्षता आवश्यक आहे. केवळ येणाऱ्या रुग्णांचीच मोजदाद केली, तर कोणतेही केंद्र उत्तम दिसेल. मजुरी बुडते किंवा प्रवासखर्च परवडत नाही म्हणून उपचार सोडलेल्या रुग्णांचाही हिशेबात समावेश झाला, तरच गुणवत्तेचे खरे चित्र समोर येईल.