गुलाबी गोळी आणि लाल इशारा
बंदी असलेल्या मालाची शासनाच्या पैशातून तपासणी करणे हा वरकरणी विचित्र वाटणारा व्यवहार नेदरलँड्सने १९९२ पासून जाणीवपूर्वक पत्करला. त्या वर्षी सुरू झालेल्या आणि पुढे उट्रेख्तच्या ट्रिम्बोस संस्थेकडे आलेल्या या यंत्रणेत अमली पदार्थ वापरणारा आपले नाव न सांगता गोळी आणून देतो, तिचे रासायनिक पृथक्करण होते आणि निष्कर्ष त्याला कळवला जातो. जिवाला तातडीचा धोका दिसल्यास ‘लाल इशारा’, म्हणजे देशव्यापी जाहीर सूचना, दिला जातो. डिसेंबर २०१४ मध्ये ‘एक्स्टसी’ (एमडीएमए) म्हणून विकल्या जाणाऱ्या, सुपरमॅनचे चिन्ह असलेल्या गुलाबी गोळीत सुमारे १७० मिलिग्रॅम पीएमएमए हे अधिक घातक रसायन आढळले. त्याचा परिणाम उशिरा जाणवत असल्यामुळे गोळी कमजोर निघाली असे समजून माणूस दुसरी घेतो आणि शरीराचे तापमान जीवघेणे चढते. खोट्या नावाची खरी मेख येथेच होती. डच दूरचित्रवाणीवरून इशारा प्रसारित झाला. ब्रिटनमध्ये मात्र तशी देशव्यापी सूचना निघाली नाही, आणि नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत तेथे याच गोळ्यांशी संबंधित चार मृत्यू झाले. दोन्ही देशांमधला समुद्र एका रात्रीच्या बोटप्रवासाचा आहे.