देव, दास आणि कृत्रिम मानव

न्यायालयात वावरणाऱ्या मनुष्यास 'व्यक्ती' हा शब्द नित्य लिहावा लागतो. परंतु व्यक्ती म्हणजे कोण, हा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच उभा राहतो. माझ्यापुढे तो एका इंग्रजी चित्रपटाने उभा केला, आणि उत्तर शोधीत मी डिचोली महालातील नार्वे गावी, श्रीसप्तकोटेश्वराच्या प्रांगणात येऊन पोहोचलो. हा प्रवास वाचकांना विचित्र वाटेल. म्हणून तो क्रमाने सांगतो.

रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' हा चित्रपट १९८२ साली निघाला. त्याची कथा नोव्हेंबर २०१९ मधील लॉस एंजेलिस नगरीत घडते. एका कारखान्याने रक्तामांसाचे कृत्रिम मानव घडविले आहेत. पृथ्वीबाहेरच्या वसाहतींत त्यांनी राबावे, आणि चार वर्षांत मरावे, अशी योजना. त्यांतून जे पळून पृथ्वीवर येतात त्यांना ठार करणे हे डेकार्ड नामक इसमाचे काम. आणि त्या हत्येला सरकारदप्तरी नाव आहे 'निवृत्ती'! अखेरीस गच्चीच्या कडेला लोंबकळणाऱ्या डेकार्डला, ज्याची तो शिकार करू पाहत होता तो बॅटीच हात धरून वर ओढतो, आणि मग स्वतः शांतपणे प्राण सोडतो. उत्तरार्ध 'ब्लेड रनर २०४९' हा २०१७ साली आला. त्यातील 'के' या कृत्रिम शिपायास आपण मातेच्या उदरी जन्मलो असू, अशी आशा वाटू लागते. ती खोटी ठरते. तरीही एका पित्याची त्याच्या कन्येशी भेट घडविण्यासाठी तो आपला जीव धोक्यात घालतो. माणुसकी सिद्ध करण्यास त्याला जन्माचा दाखला लागत नाही.

ही कल्पना केवळ भविष्याची नव्हे. जगभर रूढ झालेला 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० मधील नाटकातून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठबिगार. प्रश्न यंत्राचा नाही, दास्याचा आहे; आणि दास्य आमच्या गोव्याने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. १५८३ साली गोव्यास आलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन याने जुन्या गोव्याच्या भर रस्त्यावर गुलामांचा लिलाव होत असल्याचे लिहून ठेवले आहे. गुरेढोरे विकावीत तशी माणसे विकली जात. त्यांना माता होत्या, आठवणी होत्या. परंतु कायद्याच्या लेखी ते 'माल' होते. पोर्तुगीज मुलखांतील गुलामगिरी रद्द करणारा हुकूम निघण्यास १८६९ साल उजाडावे लागले.

त्याच शहरासमोर, मांडवीपलीकडे, दिवाडी बेटावर कदंबांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटेश्वर नांदत होते. सोळाव्या शतकात ते देवालय उद्ध्वस्त झाले. परंपरा सांगते की, देवाचे लिंग विहिरीवरील रहाटाला जुंपले गेले. पुढे भक्तांनी ते सोडवून नदीपार नार्वे येथे आणले. शिवाजी महाराजांनी १६६८ साली तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. विचार करावा: रहाटावर फिरणारे आणि गाभाऱ्यात पूजिले जाणारे लिंग एकच. द्रव्य बदलले नाही. पाहणाऱ्यांची दृष्टी बदलली.

ही दृष्टी पुढे न्यायासनानेही स्वीकारली. १९२५ साली मलिक घराण्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, हिंदू देवता ही विधिक व्यक्ती आहे. तिला कोठे ठेवावे याविषयी तिची इच्छा ध्यानात घेतली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी निःस्वार्थी वादमित्र नेमला पाहिजे. योगायोग असा की, ज्या नोव्हेंबर २०१९ मध्ये तो चित्रपट घडतो, त्याच महिन्याच्या ९ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने अयोध्येच्या निकालात याच तत्त्वाचे सविस्तर विवेचन केले. श्रीरामलल्लांचे विधिक व्यक्तित्व न्यायालयाने मान्य केले. जन्मस्थानाच्या भूमीस मात्र ते देण्यास नकार दिला. न्यायालयाचा आशय असा की, कायदा व्यक्तित्व देतो ते मूर्तीच्या पाषाणास नव्हे, तिच्या ठायी मूर्त झालेल्या भक्ताच्या धर्महेतूस.

देव आणि यंत्र यांना मी एका आसनावर बसवीत नाही. देवाचे देवत्व हा श्रद्धेचा विषय आहे; ते कोणत्याही न्यायालयाने दिलेले नाही. मी बोलतो आहे ते कायद्याने मानलेल्या व्यक्तित्वाविषयी. ते रक्तावर, जन्मावर वा द्रव्यावर अवलंबून नसते. ते मान्यतेने मिळते, आणि म्हणूनच ते नाकारताही येते. देवाच्या वतीने बोलण्यास महाजन होते, भक्त होते, वकील होते. लिलावात उभ्या असलेल्या दासाच्या वतीने बोलण्यास कोणी नव्हते. बॅटीलाही कोणी नव्हते.

उद्या मनुष्याने घडविलेली एखादी बुद्धी आपल्या दारी येऊन न्याय मागेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु आज न्यायालयाच्या पायरीशी असे अनेक जण उभे असतात, की ज्यांच्या वतीने बोलणारे कोणी नसते. त्यांना जन्मदाखला आहे, नाव आहे. उणीव आहे ती वादमित्राची. न बोलणाऱ्या देवाची इच्छा ऐकण्याची रीत ज्या समाजाने कायद्याला शिकविली, त्याने या बोलत्या माणसांकडेही कान द्यावा, एवढीच नार्व्याच्या दीपमाळेखाली उभे असता मला झालेली जाणीव आहे.