गोदीतून बाजारपेठेकडे : लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :
औद्योगिक क्रांतीच्या काळात उभारलेल्या अनेक गोद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरुपयोगी ठरल्या. त्यांपैकी काहींचे रूपांतर दुकाने, उपाहारगृहे व संग्रहालये असलेल्या पर्यटनस्थळांत झाले. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे अल्बर्ट डॉक हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा रूपांतरात इतिहासाचा कोणता भाग जतन होतो व कोणता लुप्त होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोदीची उभारणी व ऱ्हास :
अभियंता जेसी हार्टली याने आखलेल्या या गोदीचे उद्घाटन ३० जुलै १८४६ रोजी प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्ते झाले. ओतीव लोखंड, वीट व दगड यांनी बांधलेल्या गोदामांत लाकडाचा वापर टाळल्याने आगीचे भय कमी झाले. माल जहाजातून थेट गोदामात जात असल्याने वेळ वाचे व चोरीस आळा बसे. कापूस, चहा, रेशीम, तंबाखू, साखर असा मौल्यवान माल येथे साठविला जाई. मात्र गोदीचे प्रवेशद्वार शिडाच्या जहाजांच्या मापाचे होते. मोठ्या आगबोटींना ते अपुरे पडले आणि १९२० च्या दशकापर्यंत जहाजांची ये-जा जवळजवळ थांबली. १९७२ मध्ये गोदी बंद होऊन तिचे पात्र गाळाने भरले.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. गोदी लवकर कालबाह्य झाली, म्हणूनच नव्या जहाजांसाठी तिची मोडतोड झाली नाही. १९५२ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा सर्वोच्च दर्जा मिळाला, तरी ती पाडण्याच्या योजना पुढे आल्याच. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या मर्सीसाइड विकास महामंडळाने तिचे पुनरुज्जीवन केले आणि १९८८ मध्ये तिचे औपचारिक पुनर्उद्घाटन झाले.

जतन कशाचे?
आज तेथे जाणाऱ्या अभ्यासकास लोखंडी स्तंभ व कमानी सुस्थितीत दिसतात. परंतु ज्या हमालांनी गाठोडी वाहिली, त्यांच्या खुणा शोधाव्या लागतात. ब्रिटनमधील गोदी कामगारांना दीर्घकाळ रोजच्या भरतीवर अवलंबून राहावे लागे. ही पद्धत १९६७ मध्ये संपुष्टात आली. वास्तू टिकते, श्रम मात्र नोंदीअभावी विस्मरणात जातो.

दुसरा प्रश्न कापसाचा आहे. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला असला, तरी त्यानंतरही लिव्हरपूलमध्ये उतरणारा अमेरिकन कापूस प्रामुख्याने गुलामांच्याच श्रमातून पिकत होता. याच गोदीच्या आवारात २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय सुरू झाले, हे म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. केवळ दुकाने असती, तर ही वास्तू अर्धसत्यच सांगत राहिली असती.

मुंबईशी संबंध :
१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तेथील कापूस थांबताच मुंबईहून लिव्हरपूलला जाणारी निर्यात प्रचंड वाढली. मुंबईत पैशाचा पूर आला, सट्टेबाजी वाढली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच अनेकांचे दिवाळे निघाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, कुलाब्याचे ससून डॉक बांधून पूर्ण झाले. तेथे आजही मासळी उतरते; कोळी स्त्रियांचा व्यवहार चालतो.

निष्कर्ष :
जुन्या गोदीस नवा उपयोग देणे आक्षेपार्ह नाही; उपयोगाविना वास्तू टिकत नाही. तथापि २०२१ मध्ये लिव्हरपूलच्या सागरी परिसराचा २००४ साली मिळालेला जागतिक वारसा दर्जा नव्या बांधकामांमुळे रद्द झाला, यावरून विकासाची मर्यादाही स्पष्ट होते. लिव्हरपूलमध्ये श्रमिकांच्या आठवणींचा शोध गोदी बंद पडल्यानंतर घ्यावा लागतो. मुंबईत मात्र काम करणारी माणसे अद्याप धक्क्यावर आहेत. त्यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन आताच होणे आवश्यक असून, महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हे कार्य हाती घ्यावे, असे प्रतिपादन करावेसे वाटते.