वेताळाचा प्रश्न आणि प्रेक्षकाचे उत्तर : अतिमानुष व काळोख्या मालिकांवरील मराठी चाहत्यांच्या मतांचा इतिहास

लोकप्रिय कथनप्रकारांचा अभ्यास मराठीत आता अगदीच नवा राहिलेला नाही. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा किंवा नारायण धारपांची भयकथा यांविषयी गंभीरपणे लिहिण्यास आज कोणी संकोचत नाही. परंतु या कथांच्या चाहत्यांनी आपसांत त्यांविषयी काय म्हटले, कोणत्या पात्राची बाजू घेतली, कोणत्या शेवटावर नाक मुरडले, हा प्रश्न बहुधा अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेरच थांबतो. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कोन्स्टान्झ येथील व्याख्यानात वाचकाला साहित्येतिहासाच्या केंद्रस्थानी आणले. आपल्याकडे त्यांच्या ‘अपेक्षाक्षितिजा’ची चर्चा पुष्कळ झाली, मात्र ती प्रामुख्याने ग्रंथांना, त्यातही प्रतिष्ठित ग्रंथांना लावली गेली. रात्री साडेदहाला घरातल्या घरात मालिका पाहून दुसऱ्या दिवशी एस्टीच्या थांब्यावर तिची चिकित्सा करणारा प्रेक्षक हा समीक्षकच आहे, असे मानण्याची आपली अद्याप तयारी नाही.

प्रस्तुत निबंधाचे म्हणणे एवढेच आहे की, मालिकारूप कथनात चाहत्याचे मत हा कृती संपल्यानंतरचा अभिप्राय नसतो. कृती अपुरी असतानाच ते व्यक्त होते आणि पुष्कळदा तेच कृतीला पुढे ढकलते. हा प्रकार दूरचित्रवाणीने निर्माण केलेला नाही. भारतीय कथनपरंपरेला तो फार पूर्वीपासून परिचित आहे.

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त समाविष्ट असलेली वेताळकथांची माला या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. वेताळ राजाला कथा सांगतो आणि अखेरीस प्रश्न विचारतो : यांपैकी खरा दोषी कोण? त्या स्त्रीवर खरा अधिकार कोणाचा? उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाच्या ठिकऱ्या होतील. आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. म्हणजे श्रोत्याला मत देण्यावाचून गत्यंतर नाही आणि त्याने मत दिल्यामुळेच पुढची कथा संभवते. मालिका लांबते ती श्रोत्याच्या मतामुळे. शेवटच्या प्रश्नावर राजाला उत्तर सुचत नाही, तो खरोखरच निरुत्तर होतो, आणि तेथे कथामाला थांबते. मालिकेचे याहून नेमके प्रतिमान पाश्चात्त्य कथनमीमांसेतही सहसा सापडणार नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, पुढे ‘चांदोबा’ने ती घरोघरच्या मुलांपर्यंत पोहोचवली, १९८५ साली रामानंद सागर यांच्या ‘विक्रम और बेताल’ने तिला पडद्यावर नेले. मराठी श्रोत्याला प्रश्न विचारून घेण्याची सवय अशी दीर्घकाळ जडलेली आहे.

याच वेताळाचे दुसरे, सर्वस्वी अनपेक्षित रूप १९६४ साली आले. त्या वर्षी टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठी मुलांच्या हाती ‘वेताळ’ या नावाने पडला. या नामांतराकडे भाषांतराच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. मूळचा नायक हा पिढ्यान्‌पिढ्या न मरणारे ‘चालते भूत’ म्हणून आफ्रिकेतील कल्पित अरण्यात वावरणारा गोरा पुरुष. मराठीत, विशेषतः कोकण-गोव्यात, वेताळ हा गावाची राखण करणारा देव. रात्री तो गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा. त्यामुळे एका शब्दाने वसाहतवादी कल्पनेतील रक्षणकर्ता ग्रामदैवताच्या आसनावर बसला. प्रकाशकांनाही वाचकाच्या संभाव्य मताची जाणीव होती. ‘बेंगाला’ हे मूळ स्थलनाम ‘डेंकाली’ झाले. ‘सिंग’ नावाचे चाचे ‘सिंगा’ झाले. तक्रार येण्याआधीच तिचे निवारण करून टाकावयाचे, असा हा व्यवहार. वाचकाचे मत येथे भाषांतरकाराच्या लेखणीत आधीच शिरलेले दिसते.

अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी याआधीच मराठी वाचकाला कायद्याच्या कडेकडेने चालणाऱ्या, दुहेरी आयुष्य जगणाऱ्या नायकाची गोडी लावलेली होती. म्हणून वेताळाचा बुरखा येथे परका वाटला नाही. या वाचकांची मते फिरत्या वाचनालयाच्या टेबलापाशी व्यक्त झाली आणि तेथेच विरली.

दूरचित्रवाणीवरील अतिमानुष नायकाचा पहिला खरा मोठा काळ म्हणजे ‘शक्तिमान’चा. सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेली ही हिंदी मालिका २००५ पर्यंत चालली. चंदीगडलगतच्या खरडमधील आणि तळकोकणातल्या सावंतवाडीतील मुले दूरदर्शनच्या कृपेने एकच भाग पाहत होती. मराठी मुलांना तिच्यासाठी मराठीची गरज भासली नाही. तिच्याविषयीचे मत मात्र आपल्यापर्यंत पोहोचते ते मोठ्यांच्या काळजीतून. नायक वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या, त्यांच्या खरेखोटेपणाविषयी वाद झाले, आणि मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांना समजावून सांगावे लागले की उड्डाणाची दृश्ये ही चित्रणातील करामत आहे, तिचे अनुकरण करू नका. भागाच्या अखेरीस हितोपदेशाची जी जोड दिली जाई, तिच्यात नायक थेट प्रेक्षकाशी बोलतो. वेताळ राजाला प्रश्न विचारत होता. येथे प्रेक्षकच प्रश्न होऊन बसला आणि उत्तर देण्यासाठी नायकाला कथेबाहेर यावे लागले. ज्या मुलांमुळे हे घडले त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र आपणास कोठेही वाचावयास मिळत नाही.

पाश्चात्त्य इतिहासातील दोन घटना तुलनेसाठी येथे उपयोगी पडतील. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले आणि १९०३ साली, वाचक व प्रकाशक यांच्या रेट्यापुढे नमून, त्याला जिवंत परत आणले. त्याउलट १९८८ साली अमेरिकेतील ‘बॅटमन’ चित्रमालिकेच्या प्रकाशकांनी त्याचा साहाय्यक रॉबिन जगावा की मरावा, हे वाचकांच्या दूरध्वनी-मतदानावर सोपवले. मरणाच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जगण्याच्या बाजूने ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी एक पात्र मेले. पहिल्या घटनेत मताने पात्र जगवले, दुसरीत मारले. मराठीत या प्रकारचे सर्वांत बोलके उदाहरण घडले ते ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या बाबतीत, आणि ते या दोहोंपेक्षा वेगळे आहे.

झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झालेली ही मालिका. तिचे नाव १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातील गीतावरून आलेले. सावंतवाडीनजीकच्या आकेरी येथील घरात चित्रित झालेल्या या कथेचा आरंभ नाईक घराण्यातील कर्त्या पुरुषाच्या, म्हणजे अण्णांच्या, मृत्यूने होतो आणि विखुरलेले कुटुंब वाड्यावर जमते. सिंधुदुर्गातून तिच्याविरुद्ध लगोलग आवाज उठला. कोकण म्हणजे भुताखेतांचा आणि करणीचा प्रदेश, अशी बदनामी होत आहे. पर्यटनाला धक्का बसेल. अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल, असे आक्षेप होते. त्यांची पार्श्वभूमी ध्यानात ठेवावयास हवी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली होती आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला होता. अडीच-तीन वर्षांनी आलेल्या या मालिकेकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे अनेकांना शक्य नव्हते, आणि ते समजण्यासारखे आहे.

तरीही साहित्याच्या अभ्यासकाला येथे अडखळावेसे वाटते. हाच प्रदेश, हाच अंधार, हीच वासना आणि नियतीची भीती चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्यांत आहे. ‘कोंडुरा’ (१९६६) मधील दैवी साक्षात्कार आणि त्यातून ओढवणारा विनाश यांना समीक्षेने अंधश्रद्धेचा प्रचार म्हटले नाही. तिने मानवी अस्तित्वाच्या गूढतेची भाषा वापरली. श्याम बेनेगल यांनी त्याच कादंबरीवर १९७८ साली चित्रपट केला, तेव्हाही चर्चा बहुतांशी कलात्मकतेची होती. काळोख ग्रंथात असला की अस्तित्ववादी आणि दूरचित्रवाणीवर आला की अंधश्रद्ध, अशी ही वाटणी मला पटत नाही. ती काळोखाच्या प्रतीवरून झालेली नसून, तो पाहणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून झालेली आहे. ग्रंथाचा वाचक रूपक ओळखील असे गृहीत धरले जाते. मालिकेचा प्रेक्षक सारे शब्दशः घेईल असे मानले जाते. ज्या प्रदेशात दशावतारी खेळ रात्रभर चालतो, जेथे रंगलेला संकासुर समोर येताच पोरेसोरे घाबरतात आणि मोठी माणसे हसतात, तेथील प्रेक्षकाला सोंग आणि सत्य यांतील अंतर कळत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे.

चाहत्यांच्या बोलण्यात आणखी एक विषय होता आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. तो म्हणजे मालवणीचा. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून, मच्छिंद्र कांबळींच्या अभिनयाच्या बळावर, मालवणीला मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान दिले, त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. या यशाची एक किंमत मालवणीने मोजली. मुंबई-पुण्याच्या कानाला ती हशाची भाषा झाली. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये तीच बोली दरारा, धमकी, विलाप आणि वासना यांसाठी वापरली गेली. संवादलेखक प्रल्हाद कुडतरकर स्वतः पांडूच्या भूमिकेत होते. हसवण्याची जबाबदारी त्या एका पात्रावर सोपवून बाकीच्यांची मालवणी त्यांनी गंभीर ठेवली. देशावरच्या प्रेक्षकांनी तिचे शब्द उचलले, कोकणातल्या प्रेक्षकांनी हेल बरोबर की चूक याची छाननी केली. बोलीविज्ञानाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही छाननी होती.

१४ जानेवारी २०१९ रोजी दुसरे पर्व आले आणि ते पहिल्याच्या मागे गेले. पहिल्या पर्वात जो मेलेला होता, तो अण्णा नाईक आता माधव अभ्यंकरांच्या रूपाने केंद्रस्थानी आला. डॉयल यांनी होम्स मेलाच नव्हता असे सांगितले. रॉबिनच्या मरणाचा कौल वाचकांनी दिला. येथे मरण अबाधित ठेवून कथेने काळच उलटा फिरवला. नाव, वाडा आणि कुजबूज यांतून ज्याची छाया प्रेक्षकांनी वर्षभर चर्चिली, त्याला देह द्यावा लागला. पूर्वपर्वाच्या निर्मितीमागे व्यावसायिक हिशेब होता यात शंका नाही. पण तो हिशेब प्रेक्षकांच्या कुतूहलाचाच होता.

आणि येथेच चाहत्यांच्या मताची दुसरी बाजू उघडी पडते. अण्णा हा खुनी, जमीन लाटणारा, घरच्या व गावच्या स्त्रियांना वस्तू समजणारा पुरुष. प्रेक्षकांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतले. अपूर्वा नेमळेकरांनी साकारलेली शेवंता घरोघर चर्चेचा विषय झाली. बोलणे झाले ते तिच्या रूपाचे, साड्यांचे, अण्णाला भुरळ घालण्याच्या तिच्या तऱ्हेचे. माईने, म्हणजे अण्णाच्या पत्नीने, काय सोसले यावर विशेषतः स्त्रीप्रेक्षक बोलत, परंतु तो सूर चर्चेच्या मध्यभागी आला नाही. २०१६ मध्ये भुताविरुद्ध जेवढा आवाज उठला, तेवढा २०१९ मध्ये जमीनदाराविरुद्ध उठला नाही. भुताने प्रदेशाची बदनामी होते आणि जुलमी घरधन्याने होत नाही, असे का वाटावे? वेताळाने राजाला विचारावा असा हा प्रश्न आहे. त्या प्राचीन कथांतही ‘स्त्री कोणाची’ हे वारंवार विचारले जाते आणि ‘स्त्रीला काय वाटले’ हे विचारले जात नाही, याची नोंद या ठिकाणी करणे अप्रस्तुत होणार नाही.

‘देवमाणूस’ (२०२०) या मालिकेविषयी थोडक्यात. २०१६ साली वाई परिसरात उघडकीस आलेल्या हत्यांवरून स्फुरलेल्या या कथेत खुनी प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतो. गावाला तो डॉक्टर म्हणून देवासारखा वाटतो. रहस्य नसल्यामुळे चाहत्यांचे कुतूहल ‘तो पकडला कधी जाणार’ या एकाच बिंदूवर एकवटले आणि उलगडा लांबत गेला तसा त्यांचा राग खुन्यावरून मालिकाकर्त्यांवर वळला. सरू आजीच्या ठसकेबाज बोलण्याने तेवढा दिलासा दिला. मतामुळे मालिका लांबते हे जितके खरे, तितकेच लांबण्याविरुद्धचे मतही मालिकेचाच भाग होऊन बसते हे येथे दिसले. पुढची पर्वे आलीच.

या साऱ्याची साधने कोठे आहेत? अर्नाळकरांच्या निवडक कादंबऱ्या पुन्हा छापल्या गेल्या आहेत, ‘इंद्रजाल’चे जुने अंक संग्राहक जपून ठेवतात, मालिकांचे भाग पुन्हा पाहता येतात. प्रेक्षकांची पत्रे मात्र वाहिन्यांच्या कचेऱ्यांतून रद्दीत गेली आणि बोललेले शब्द हवेत गेले. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने ‘रात्रीस खेळ चाले’च्या सिंधुदुर्गातील प्रेक्षकांच्या मुलाखती आजही घेतल्या तर त्या मिळतील; पाहणारी पिढी अजून आहे, विशेषतः ज्या वृद्ध स्त्रियांनी माईची बाजू घेतली त्या. आकेरीचे ते घर बघायला बाहेरगावची माणसे जात राहिली आणि अण्णा कोठे बसत, विहीर कोणती, असे विचारत राहिली. त्यांना उत्तरे देणाऱ्या गावकऱ्यांकडून सुरुवात करता येईल.