युद्धोत्तर ब्रिटिश चिनीमातीची भोजनपात्रे : संग्रह, दुरुस्ती आणि ऐतिहासिक पुरावा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, ब्रिटनमध्ये देशांतर्गत विक्रीच्या चिनीमातीच्या भांड्यांवर नक्षीकामास बंदी होती. ती १९५२ मध्ये उठली. १९५३ मध्ये स्टॅफर्डशायरमधील मिडविंटर कारखान्याने ‘स्टाइलक्राफ्ट’ ही नवी घडण बाजारात आणली. तिच्यासाठी जेसी टेट यांनी नक्षी रेखाटली. एनिड सीनी यांची ‘होममेकर’ नक्षी तर वुलवर्थच्या दुकानांतून सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचली. त्यामुळे ही भांडी सामाजिक इतिहासाची साधने ठरतात. तळावरील कारखान्याचा शिक्का आणि पृष्ठभागावरील सुरीचे ओरखडे हे त्यांतील पुरावे होत. तडा लपविण्यासाठी मूळ झिलईवर रंग चढविल्यास ते झाकले जातात. म्हणून जोड पुन्हा सोडविता येण्याजोगा असावा व दुरुस्तीची नोंद ठेवावी. अन्यथा भांडे शोभेपुरते उरते.