बझरबीटर : खेळाडू-प्रशिक्षण

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल व्यवस्थापन खेळातील कौशल्यवाढीची पद्धत. व्यवस्थापक दर आठवड्याला एक कौशल्य आणि मैदानावरील जागा निवडतो; त्या जागी ४८ मिनिटे खेळलेल्याला पूर्ण लाभ मिळतो. तरुण खेळाडू लवकर शिकतात. उंच खेळाडूंची रिबाउंडसारखी बास्केटजवळची, तर कमी उंचीच्यांची चेंडू हाताळण्यासारखी कौशल्ये झपाट्याने वाढतात. प्रशिक्षकाचा दर्जाही परिणाम करतो.

जागेच्या या नियमाची खरी अडचण सामन्यात दिसते. उंच सेंटरला चेंडू हाताळणे शिकवायचे, तर त्याला त्या कौशल्याच्या जागी, म्हणजे गार्ड म्हणून उतरवावे लागते. संघाची घडी विसकटते आणि हातचा सामना जातो. प्रशिक्षणाची जागा सामन्यातील जागेपासून वेगळी केल्यास ही ओढाताण टळेल. मिनिटांची अट मात्र राखणे योग्य; मैदानावरील घामाचे मोल तिच्यामुळेच टिकते.